सेवेरियानकाकांच्या मळ्यातला रांजण

"मी नुसता मातीचा वास घेऊन शतक सांगतो!" ही उत्खननप्रमुख नुगझारसाहेबांची रोजची गर्जना. पण इमेरेती प्रांतातल्या त्या द्राक्षमळ्यात तीन उन्हाळे खणूनही हाती लागली होती फक्त फुटकी खापरं. शुक्रवारपर्यंत ग्रीकांच्या काळातलं काही धड सापडलं नाही, तर पुरातत्त्व खात्याची समिती येऊन उत्खनन बंद करणार होती. आणि बुधवारी रांजण सापडला! गळ्यापर्यंत मातीत पुरलेला, तोंडावर दगडी झाकण, वर मातीचं लिंपण. कुठे टवकासुद्धा उडालेला नाही!

"इसवीसनापूर्वीचं चौथं शतक!" साहेबांनी उभ्या उभ्या निकाल दिला.

"साहेब, इथे रांजण आजही असेच घडवतात," त्यांची मदतनीस लामारा चाचरत म्हणाली. "मळ्याच्या मालकांना, सेवेरियानकाकांना, एकदा विचारूया का?"

"अगं, शेतकऱ्याला विचारून इतिहास ठरवायचा? मग त्याच्या कोंबड्यांनाही विचार की!" असं म्हणून साहेबांनी राजधानीला फोन लावलासुद्धा.

शुक्रवारी सकाळी समितीची गाडी पुलापर्यंत आल्याचा निरोप आला. लामारा झाकणाची कड साफ करत होती. एकाएकी तिचा हात थांबला.

"साहेब... प्लॅस्टिक!"

झाकणाखालून निळं प्लॅस्टिक डोकावत होतं. साहेबांनी चिखलाचं घमेलं तिच्यापुढे सरकवलं.

"लिंप! परत लिंप!"

"अहो, ही फसवणूक आहे!"

"फसवणूक नाही, संवर्धन! हात चालव!"

तेवढ्यात हॉर्न वाजला. समितीच्या अध्यक्षा एतेरीबाई उतरल्या. या बाईंसमोर भलेभले प्राध्यापक खोकायलाही घाबरत. त्या खाली वाकल्या.

"लिंपण ओलं कसं?"

"दव, मॅडम!"

"अकरा वाजता?"

"इकडचं दव जरा... आळशी आहे!"

"उघडा."

साहेबांनी कुदळ हातात घेतली खरी, पण ती काही चालवेना. तीन वर्षांची मेहनत, नाव, नोकरी, सगळं त्या झाकणाखाली!

"खबरदार!" वेलींमधून सेवेरियानकाका धापा टाकत धावत आले, मागून त्सिआलाकाकू. "हात लावाल तर याद राखा! अगं, सापडला! आपल्या मालखाझचा रांजण सापडला!"

मुलगा जन्मला की वाइनचा रांजण पुरायचा आणि थेट त्याच्या लग्नात उघडायचा, ही तिकडची रीत. पण एका वादळात गावातली अशी खुणेची झाडं आडवी झाली, त्यात काकांचं अक्रोडाचंही, आणि काका जागाच विसरले. काकूंचा हट्ट, रांजणाशिवाय लग्न नाही! मालखाझ पस्तिशीला टेकला होता आणि त्याची नवरी सहा वर्षं वाट पाहत होती. काकूंनी साहेबांना मिठी मारली आणि हंबरडाच फोडला.

"हा रांजण जुना नाही, हे तुम्हाला कधी कळलं?" एतेरीबाईंनी थंडपणे विचारलं.

साहेबांना खोटं बोलवेना. "हॉर्नच्या पाच मिनिटं आधी," ते मान खाली घालून म्हणाले. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते.

बाईंनी तिथल्या तिथे उत्खनन बंदचा शेरा मारला.

पण महिन्याभरात गावाचा अर्ज राजधानीला गेला. त्यावर एक्केचाळीस सह्या होत्या, आणि पहिली सही काकूंची! लगेच एका वर्षाची मुदतवाढ आली.

ते पत्र नुगझारसाहेबांनी अजून बायकोलाही दाखवलेलं नाही. मुदतवाढीचं कारण म्हणून त्यात लिहिलंय, 'गावात आणखी नऊ लग्नं खोळंबली आहेत.'