क्यूचे शब्द, कृतीसह

सिंधूला रात्रभर झोप नव्हती. कारण तसं मोठं नव्हतं, पाचच अक्षरांचं होतं. क्वाएट आणि क्वाइट. दोन्हीत अक्षरं तीच, फक्त शेवटची दोन इकडची तिकडं. त्यातला गप्प बसायचा कोणता, हे तिला दिवसा पक्कं ठाऊक असायचं आणि अंथरुणावर पडलं की दोघं जागा बदलायचे. (तिचं डी.एड. झालं होतं. फर्स्ट क्लास. मराठी माध्यम.)

"परीक्षा सुकीची हाय का तुझी?" सुदर्शननं कूस बदलत विचारलं.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" ती फणकारली. तिलाही नीट कळत नव्हतं, पण ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

लातुरात अण्णाराव सरांनी चौथीपासूनची फाउंडेशन बॅच काढली होती. चौथीत पाया घातला की बारावीनंतर वर डॉक्टरच निघतो, असं सगळं गणित. मुदखेड-धर्माबादची पोरं सरांसाठी घरदार सोडून येत. सिंधूच्याच माडीवर भाड्यानं राहत. मग सरांच्याच गल्लीतल्या सुकन्याला, म्हणजे सिंधूच्या लेकीला, जागा मिळाली नाही, तर लोक आईकडंच बघणार! सोमवारी तोंडी परीक्षा होती. सर अक्षरं सांगणार, पोरानं ती अक्षरं असलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांगायचा, अर्थासकट. आणि सरांचा जीव म्हणे क्यूवर. ही आतली बातमी शेजारच्या जाहिदाभाभींच्या भाचीनं दिली होती. (भाचीची निवड झाली नव्हती, पण बातमी ती बातमी.)

रविवारी सकाळी उजळणी घेतली, तर सुकन्यानं पाठ केलेलं सगळं पोह्यांबरोबर गिळलेलं.

"क्विल्ट म्हणजे?"

"राणी."

"मग क्वीन?"

"लवकर लवकर."

सिंधूनं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग तिला डी.एड.चा धडा आठवला: कृतीतून शिक्षण. तिनं पोरीच्या डोक्यावर पितळी चाळणी ठेवली आणि क्वीन केली. सासूबाईंची वाकळ गुंडाळून क्विल्ट केली. अंगणाच्या फाटकापर्यंत पळवून आणून क्विक केली. ओठांवर बोट ठेवून क्वाएट झाली. पोरीला शब्द येऊ लागले! सिंधूला स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्या भरात तिनं पुढचा शब्द घेतला. क्वेक.

"क्वेक म्हणजे हलणं. भूकंपासारखं. बघ हां," असं म्हणत तिनं स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. जराशीच.

आता त्या मांडणीवर सगळ्यात वर एक ग्लास उलटा ठेवलेला असे आणि त्यावर तांब्या. सासूबाईंनी, म्हणजे सरजाबाईंनी, ही सोय 'त्या' सालापासून केलेली. (कोणतं साल, हे लातुरात विचारत नाहीत.) जमीन हलली तर तांब्या आधी पडेल, माणूस जागा होईल. इतक्या वर्षांत तांब्या एकदाही पडला नव्हता. आता पडला. त्याच्यामागं ताटं आली, ताटांमागं परात.

अंगणात तूरडाळ निवडत बसलेल्या सरजाबाई सूप टाकून आत धावल्या. एका हातात नात, दुसऱ्या हातात सून.

"निघा गं भाईर! हलून राहिलंय!"

"आत्याबाई, अहो, ते मी..."

"मागून बोल! आधी चल!"

हा आवाज गल्लीनं ऐकला आणि गल्ली रिकामी झाली. म्हणजे घरं रिकामी झाली, गल्ली भरली. टीव्हीचा रिमोट हातात घेऊन सुदर्शन सगळ्यांच्या आधी पोचलेला. (बायकोपोरीचं त्याला पोचल्यावर आठवलं.) माडीवरची पोरं फिजिक्सची पुस्तकं घेऊन उतरली. पिठाच्या हातांनी जाहिदाभाभी आल्या.

सिंधूनं सांगायला तोंड उघडलं. पण सरजाबाईंनी तिचा हात अजून सोडला नव्हता, उलट आणखी घट्ट धरला होता. आता या हाताला काय सांगायचं? आणि मग सांगण्याची वेळच गेली.

"मेरे चुल्हेपर का तवा हिल्या ना भाभी!" जाहिदाभाभी म्हणाल्या.

"चार पॉइंट पाच," रिटायर्ड तलाठी हणमंतराव म्हणाले. "कमी न्हाई. माझ्या खुर्चीला कळतंय."

"माझा तर पंखा असा असा झाला!" हे सुदर्शन. पंखा महिनाभर बंद होता.

सगळे इतकं खात्रीनं सांगत होते की सिंधूलाच वाटू लागलं, आपण मांडणी धरली तेव्हाच नेमका आला असेल का?

तेवढ्यात अर्ध्या मिशीला कलप लावलेले खुद्द अण्णाराव सर गर्दीतून पुढं आले. "मला दोन झटके जाणवले," सर गंभीरपणे म्हणाले. "पहिला साधा. दुसरा मात्र जबर."

सुकन्यानं आश्चर्यानं आईकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. सिंधूनं झटकन ओठांवर बोट ठेवलं.

"क्वाएट!" सुकन्या खणखणीत ओरडली. "क्यू, यू, आय, ई, टी! गप्प बसणे!"

गल्ली खरोखरच गप्प बसली. सरांची अर्धी मिशी आनंदानं वर गेली.

"अरे वा! उद्याच्या परीक्षेची का ही? उद्या कशाला, आत्ताच होऊन जाऊ द्या. सांग बाळ, क्यू असलेला अजून एक. पाच अक्षरी. आजच्या प्रसंगाला शोभणारा."

सिंधूनं डोळे मिटले. कोणता येऊ नये, हे तिला या वेळी अगदी पक्कं ठाऊक होतं.

"क्वेक! क्यू, यू, ए, के, ई!"

टाळ्या पडल्या. सरजाबाईंनी नातीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सर म्हणाले, "शाब्बास! जागा पक्की समजा ताई. आता फक्त अर्थ सांग बेटा, की झालं."

सुकन्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा सरांकडं.

"सर, करूनच दाखवते. पण तुम्ही घरात चला, मांडणी आईलाच हलवता येती."