पुढचं उद्या, पट्टीबरोबर

एक अपवाद सोडला तर सलोमीबाईंनी कुणाला एखादी गोष्ट शेवटपर्यंत सांगितल्याचे आमच्या चाळीत कुणालाही आठवत नाही. खालच्या पानवाल्याच्या मानेवरचे गळू फुटले त्या दिवशी बाईंच्या बायबलातल्या गोष्टीत दानीएलाला नुकतेच सिंहांच्या गुहेत टाकलेले होते. गळू चार पट्ट्यांत भरून आले. दानीएल अजून गुहेतच आहे. पानवाला येता-जाता विचारतो, "बाई, खाल्लं का हो त्याला?" आणि बाई, "जखम नाही तर गोष्ट नाही," एवढेच म्हणून बादली घेऊन नळाकडे जातात.

परळच्या भोईवाड्यातील या चाळीत माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे. मी शाळामास्तर. पन्नाशी उलटल्यापासून दुसऱ्यांविषयी मत बनवताना मी जपून असतो, कारण पूर्वी बनवलेली बहुतेक मते चुकीची निघाली. सलोमीबाई राहायला आल्या तेव्हाही मी त्यांच्या भिंतीवरचा क्रूस आणि हातातली काळी पेटी पाहून ठरवून टाकले, की या आता आपल्याला बाटवणार. चाळीतल्या सर्वांचे तेच मत होते. फरक इतकाच, की ते बोलून दाखवीत आणि मी गप्प राहून सज्जन ठरत असे.

बाईंचे आयुष्य घाटावरच्या खेड्यांत गेले. मिशनच्या दवाखान्यात त्या अर्ध्या नर्स आणि अर्ध्या बायबलबाई होत्या. डॉक्टर मडमेबरोबर दमणीत बसून गावोगाव जायचे, चावडीपुढे बैल सोडायचे आणि पेटी उघडायची. पेटीच्या एका कप्प्यात आयोडिन, बोरिक आणि एरंडेल. दुसऱ्यात पवित्र शास्त्र. मिशनची रीत अशी, की आधी वचन, मग औषध. लोक वचन सोसून घेत, औषध नेत आणि ठणका उतरला की पुन्हा फिरकत नसत. जखम वरून सुके, आतून सडे. तेव्हा बाईंनी आपल्यापुरती रीत बदलली. वचन आणि पट्टी एकदमच, आणि गोष्ट ऐन मोक्याला तोडायची.

"पुढचं उद्या, पट्टीबरोबर."

दुसऱ्या दिवशी रोगी हजर, शिवाय त्याच्याबरोबर घरची चार माणसे. "एका गड्यानं तर योसेफाचं पुढं काय झालं ते कळावं म्हणून खपली नखानं उकरली," असे बाई सांगतात. "तवापासनं ठरवलं मास्तर, माणूस बरा झाला की गोष्ट बंद."

हीच रीत त्यांनी परळला आणली. सकाळी गॅलरीत एक स्टूल, हात धुवायची एक चिलमची आणि ती पेटी. समोरच्या भागीरथीबाईंचा हात स्टोव्हवर भाजला तेव्हा त्या लांबूनच म्हणाल्या, "बाई, आमी आत्ताच बौद्ध झालोय. आता पुन्यांदा धर्म बदलायला सवड नाही हं, आधीच सांगते."

"बदलू नको. हात तेवढा हलवू नको," बाई म्हणाल्या आणि नोहाच्या तारवात पहिला हत्ती चढवला. हात बरा झाला तोवर पाणी छपरापर्यंत आले होते. भागीरथीबाईंच्या घरी त्यानंतर बरेच दिवस त्या जनावरांच्या चाऱ्याविषयी चर्चा चालू होती.

माझाही पाय उकळत्या पाण्याने भाजला होता. मला त्यांनी मोशे दिला. तांबडा समुद्र दुभंगला आणि माझी जखम मिटली. मी आभार मानले, पाय नीट झाला आणि मी माझ्या कामाला लागलो.

मग धोंडूचे प्रकरण झाले. धोंडू आमच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर राहतो. मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात तो पुढे असतो, आणि बाईंविषयीची चाळीची मते मोठ्याने बोलण्याचे कामही त्याचेच. एका मोर्चावर लाठीमार झाला आणि धोंडूच्या उजव्या तळहातावर लाठी बसून अंगठ्याच्या मुळाशी खोल फाटले. इस्पितळात पोलिसांसाठी नावे लिहून घेतात अशी चाळीत समजूत होती. धोंडूने हळद भरून फडके गुंडाळले. आठवड्याने हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा त्याची बायको त्याला ओढतच खाली घेऊन आली.

"बाय, गोष्टबिष्ट नको हां," तो स्टुलावर बसण्याआधीच म्हणाला. "पट्टी तेवढी बांध. माका बाटवायचा नाय."

"हात नासलाय, आधी तो बघू. बाटायचं मागनं बघ," असे म्हणून बाईंनी फडके सोडले. सूज कोपरापर्यंत दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "रोज आलास तर अंगठा राहील. चुकलास तर जाईल. मग कुणाला बोल लावू नको."

धोंडूचा चेहरा उतरला. साच्यावर तुटलेला धागा जोडतात तो अंगठ्याने आणि शेजारच्या बोटाने. अंगठा गेला की साचा गेला, आणि साचा गेला की मुंबई गेली. इतक्यात बाईंनी आयोडिनचा बोळा लावला आणि धोंडू जिवाच्या आकांताने ओरडला, "झालाच पाहिजे!"

"होईल, होईल," बाई म्हणाल्या. "बोट सरळ कर. तर एका गावाबाहेर दहा महारोगी लांब उभे होते. गावात यायची बंदी. त्यांनी येशूला बघितलं आणि हाक मारली..."

धोंडू भिंतीकडे तोंड करून बसला होता. गाठ मारून होताच बाईंनी पेटी मिटली. तो जिन्यापर्यंत गेला, परत आला. "हाक मारल्यानी, मगे?"

"पुढचं उद्या, पट्टीबरोबर."

तो रोज आला. पवित्र शास्त्रात ही गोष्ट जेमतेम परिच्छेदभर आहे. मी नंतर काढून पाहिली. बाईंनी ती महिन्याहून जास्त पुरवली, कारण जखम खोल होती. दहांपैकी एकाला त्यांनी धनगर केले, एकाला कुत्रे दिले, आणि एक तर चक्क साळी निघाला. त्याच्या मागावर अर्धवट राहिलेल्या लुगड्याचीच चार दिवस चौकशी चालली. धोंडू मध्ये सूचना करी: "तेका ताना नीट लावूक येय नाय वाटता." येशूने त्यांना सांगितले, जा, स्वतःला याजकांना दाखवा, आणि ते निघाले. वाटेत एकाने सहज आपल्या हाताकडे बघितले, आणि बघतो तर काय...

त्या दिवशी बाईंनी पट्टी बांधलीच नाही. "अंगठा वाकव. बोटाला लाव. झालं. जा, कामावर जा."

"आणि गोष्ट?"

"जखम नाही तर गोष्ट नाही."

धोंडू चिडून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो साच्यावर उभा राहिला, आणि मोर्चे होतेच. बाईंचे स्टूल सकाळी गॅलरीत असे. कुणी दुखणेकरी आला तर येई, एरवी रिकामे. मी त्याला वळसा घालून शाळेला जात असे.

पुढे एका रविवारी सकाळी धोंडू खाली उतरला. काखेत पुरचुंडी होती. मी माझ्या दारात दाढी करीत होतो.

बाईंनी चिलमची पुढे ओढली. "दाखव हात."

"हात बरो आसा."

"मग कुठं दुखतंय?"

"खंय नाय."

"मग आलास कशाला?"

"सहज," धोंडू म्हणाला. "गावसून कुळथाचा पीठ इला, म्हटला तुका देऊया."

बाई उभ्याच राहिल्या. न दुखणाऱ्या माणसाचे काय करायचे असते, हे त्यांना खरोखरच सुचेना. शेवटी त्यांनी चहा टाकला. घरात कप एकच, तो त्यांचा. त्यांनी पेटीतले औषध मापायचे काचेचे ग्लास विसळले आणि सवयीने रेघेपर्यंत चहा ओतून धोंडूपुढे धरले. त्यानेही तो औषधासारखा एका दमात घेतला. बाईंनी पुन्हा रेघेपर्यंत भरला.

"आता सांग," धोंडू म्हणाला. "तेना हाताकडे बघितल्यान. मगे?"

बाईंनी प्रथमच शेवट सांगितला. दहाही जण बरे झाले होते. त्यांतला एक परत आला आणि येशूच्या पाया पडला.

"आणि नऊ?"

"नाही आले."

"मायझये! बरे झाले आणि इसारले?"

"तोंड सांभाळ," बाई एकदम तापल्या. "इतकी वर्षं बायकापोरांना शिवले नव्हते ते. घराकडं पळतील का मागं येतील? येशूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठं आहेत? आमच्या मडम ते दटावून सांगायच्या, मलाही तसंच सांग म्हणायच्या. मी म्हणायची, मडम, घरी आहेत. अजून कुठं असणार? त्यासाठी तर औषध दिलं. म्हणून मी शेवट सांगत नाही. उगाच बऱ्या झालेल्या माणसाच्या जिवाला घोर."

धोंडूने दुसरा चहा मात्र घोट घोट घेतला. बऱ्याच वेळाने तो वर गेला. बाईंनी ते ग्लास धुऊन पेटीत ठेवले, पेटी मिटली, परत उघडली आणि ग्लास बाहेर काढून कपाशेजारी ठेवले.

सोमवारी मी शाळेला निघालो तेव्हा त्यांनी मला थांबवले.

"मास्तर, कपबश्या बऱ्या कुठं मिळतात हो?"

मी लालबागमधले एक दुकान सांगितले. "किती घ्यायच्यात?"

"एक पुरे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. "दोन घेते. तुमचाही पाय आता बरा झालाय."