खोबरेलाची बाटली कुठल्या वारी?

पोटात कॅमेरा घालून घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी कचऱ्याबद्दल विचारतं का? देवस्थळीकाका विचारायचे. आता पुण्यात ओला-सुका एवढ्या दोनच बादल्या आहेत, तरी बाटली टाकताना माझा हात थबकतो आणि काका आठवतात.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टोकियोत, ओजिमाला राहायला गेलो. काका वरच्या मजल्यावर. जपानी ट्रेडिंग कंपनीतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. आसपासच्या कुणाही मराठी माणसाची हॉस्पिटलात तपासणी असली की दुभाषी म्हणून काका हजर. खिशात कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा याचा वॉर्डाने वाटलेला तक्ता, घड्या पडून मऊ झालेला.

माझ्या पोटाच्या तपासणीच्या वेळी मी सकाळपासून उपाशी, हातपाय गार. काकांनी शेजारी बसून तक्ता उघडला. "खोबरेलाची रिकामी बाटली कुठल्या वारी?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

"चूक. आत तेल चिकटलेलं असतं. धुतलीस का? झाकण काढलंस?"

मग लोणच्याच्या बरणीवरून आमची चांगलीच जुंपली. मी म्हणे शनिवार, ते म्हणत गुरुवार. मी नर्सला साक्षीला बोलावलं. पण दुभाषी काकाच, त्यामुळे निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या रागातच मी आत गेले. भीती वाटायची राहूनच गेली.

"घाबरू नकोस" असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. दुसरं कुणी म्हटलं तर चिडायचे.

दोन वर्षांनी काकांचीच हृदयाची तपासणी निघाली. मी सोबत गेले. हॉस्पिटलचा निळा झगा घालून ते बसले होते, तक्ता मांडीवर तसाच मिटलेला. त्यांचाच तक्ता उघडून मी सुचेल ते विचारलं, "काका, जुना चष्मा कुठल्या वारी?"

काकांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही.

"न जळणारा कचरा. महिन्यातून दोनदा गाडी येते," ते म्हणाले. "हिचा अजून आहे. दर वेळी पिशवीत घालतो आणि गाडी यायच्या आत परत काढतो."

काकू ऑपरेशनच्या दिवशी फार घाबरल्या होत्या, हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. काकांची मीटिंग होती. 'घाबरू नकोस, संध्याकाळी येतो' म्हणून ते ट्रेनला धावले. संध्याकाळी काकू शुद्धीवर आल्याच नाहीत.

नर्सने "देवस्थळी-सान" अशी हाक मारली. काकांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"तू इथेच असशील ना?"

"इथेच आहे," मी म्हटलं. "पण बरणी शनिवारीच."

"चूक," काका म्हणाले, आणि हसत आत गेले.