स्वयंपाकघरातल्या भोकाचा अर्ज

शारजात, रोल्ला भागातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, १९९९ सालच्या सप्टेंबरात शोभनाबाईंना फोडणी दिली की खोकला येऊ लागला. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्या एकट्या गाणार होत्या. सात वर्षं कोरसच्या मागच्या रांगेत उभं राहून मिळालेला हा मान होता, आणि मोहरी तडतडली की तो घशात अडकत होता.

डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात निदान केलं, "स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढा." शोभनाबाईंचे यजमान विजयकुमार एका बांधकाम कंपनीत परचेस ऑफिसर होते. त्यांच्याकडे प्रश्न आला की तो सुटत नसे, त्याची खरेदी होत असे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरी ओढून चालणारा एक पंखा होता. पण त्यातून एसीची गार हवा थेट दुबईपर्यंत जाते, असं विजयकुमारांचं मत असल्यामुळे त्यांनी चार वर्षांपूर्वी तो खाकी टेपनं बंद करून वर मंडळाचं कॅलेंडर लावलं होतं. दर जानेवारीत कॅलेंडर बदलत गेलं आणि पंखा सगळ्यांच्याच डोक्यातून गेला.

विजयकुमारांनी किचन हूडसाठी, म्हणजे शेगडीवरच्या चिमणीसाठी, रीतसर तीन कोटेशनं मागवली. तुलनात्मक तक्ता केला. चकाकी, आवाज, वॉरंटी, बटणांची संख्या असे अकरा रकाने झाले.

"आणि धूर किती ओढतो?" शोभनाबाईंनी विचारलं.

"तू हे आधी सांगायला हवं होतंस. आता तक्ता फायनल झालाय."

दुकानदार मुश्ताक भला माणूस होता. हूड पोचवताना त्यानं सांगून टाकलं, "साहब, पाइप के लिए दीवार में छह इंच का होल चाहिए. होल नहीं, तो ये सिर्फ लाइट है."

"सहाशे दिरहम! म्हणजे सात हजार रुपयांची लाइट?" शोभनाबाई म्हणाल्या आणि खोकल्या.

भोक पाडायचं तर इमारतीच्या मालकाच्या ऑफिसची परवानगी हवी. विजयकुमारांचा चेहरा उजळला. अर्ज ही त्यांच्या हातची कला होती. 'विषय: एका भोकाबाबत' असा दोन पानी अर्ज, सोबत नकाशा, भोकाचा व्यास आणि धुराची अपेक्षित दिशा. उत्तर आलं, 'परवानगी पाहणीनंतर मिळेल.' पाहणी कधी? 'भोक तयार झाल्यावर कळवावे.' भोक कधी पाडायचं? 'परवानगी मिळाल्यावर.' विजयकुमारांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांच्या ऑफिसातही असंच चाले.

तोवर हूड बसवून त्याचा पाइप कपाटावर मोकळा सोडला. पहिल्याच दिवशी हूडनं शेगडीवरचा धूर इमानदारीनं उचलला, कपाटावरून फिरवला आणि हॉलमध्ये नेऊन शुभ्राच्या वहीवर सोडला.

"पपा, माय होमवर्क स्मेल्स लाइक लसूण!" मुलीनं तक्रार नोंदवली.

तेव्हा परवानगी येईपर्यंत हूड चालवायचा नाही असं ठरलं. शिवाय नव्या हूडला तेलकट वाफ लागू नये म्हणून त्याच्याखाली फोडणीही द्यायची नाही. फोडणीची सोय बेडरूममध्ये, इलेक्ट्रिक शेगडीवर करण्यात आली. आठवड्याभरात विजयकुमारांच्या सगळ्या शर्टांना हिंगाचा वास लागला. टेंडर उघडताना बॉसनं नाक वर करून विचारलं, "समबडी इज कुकिंग दाल?" मीटिंग लवकर आटोपली, सगळ्यांना भूक लागली होती.

दिवाळी बारा दिवसांवर आली. शोभनाबाई पेटी घेऊन बसल्या. पहिल्याच ओळीत आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा सूर धरला, पुन्हा चिरकला. त्यांनी भाता बंद केला आणि म्हणाल्या, "कोरसमधल्या समिधाला सांगते, माझ्या जागी तूच गा."

बायकोवर विजयकुमारांचा खरोखर जीव होता. ते तडक उठले आणि त्यांनी स्मरणपत्र क्रमांक चार लिहिलं.

स्मरणपत्राला यश आलं. मालकाच्या ऑफिसातून अहमद नावाचे इन्स्पेक्टर फाइल घेऊन हजर झाले. पाहुणा दारात आला म्हणून शोभनाबाईंनी पोहे करायला घेतले, आणि बाहेरच्या माणसाला बेडरूमची शेगडी दिसायला नको म्हणून फोडणी स्वयंपाकघरातच दिली. मिरची तापली. अहमद खोकले, विजयकुमार खोकले, शोभनाबाई तर खोकतच होत्या.

"होल किधर है, हबीबी?"

"उसी की तो परमिशन चाहिए."

"होल देखे बिना परमिशन कैसे?" डोळे पुसत अहमदनी आधारासाठी हात टेकला तो नेमका कॅलेंडरवर. कॅलेंडर खाली आलं. "ये क्या है?"

"पंखा है. बंद किया. उससे हवा बाहर जाती है."

अहमदनी टेपवर बोट ठेवलं. "हवा बाहर जाने के लिए ही लगाया है, हबीबी. होल है. खलास." त्यांनी अर्जावर शिक्का मारला: 'भोक अस्तित्वात आहे. अर्ज नामंजूर.'

नामंजूर! विजयकुमार त्याच क्षणी अपील लिहायला बसले. शोभनाबाईंनी उलथनं घेतलं, टेप खरवडून काढली आणि दोरी ओढली. पंख्यानं आधी चार वर्षांची धूळ थुंकली आणि मग तो फिरू लागला. पोह्यांचा धूर खिडकीतून रोल्ला बघायला निघून गेला.

आठवड्याभरात खोकला थांबला. दिवाळीच्या कार्यक्रमात शोभनाबाई अशा गायल्या की लोकांनी तेच गाणं दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. टाळ्या वाजत असताना विजयकुमार शेजारच्या खुर्चीकडे वळून सांगत होते, "हूड बसवला, महिन्यात गुण आला. माझ्याकडे तक्ता आहे, झेरॉक्स देतो."

त्या दिवाळीत मंडळातल्या तीन घरांनी तोच हूड घेतला. समिधानं आधी शोभनाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, खरंच चांगला आहे?"

"घे गं," शोभनाबाई म्हणाल्या. "लाइट छान आहे."

तुम्हाला हसू आलं असेल, तर मनसोक्त हसा. फक्त हसून झालं की स्वयंपाकघरात जाऊन तुमचा पंखा एकदा लावून बघा. त्याचं बटण कुठे आहे ते घरात कुणाला तरी आठवत असेलच. आणि मिळालं नाही, तर विजयकुमारांकडे अर्जाचा नमुना तयार आहे.