प्रिसिला रस्त्याने निघाली

सकाळी नऊला वर यायची ती प्रिसिला साडेनऊ वाजले तरी पाण्याबाहेर डोकावेना, तेव्हा नोरीन हिमलमनने कॉफीचा मग लाँचच्या फळीवर आपटला.

प्रिसिला म्हणजे नौदलाचं पिवळंधमक, माणसाएवढ्या लांबीचं, स्वतःच्या अकलेने समुद्राच्या तळाशी फिरून पाणसुरुंग हुडकणारं यंत्र. खाडीत चार लुटुपुटीचे सुरुंग सोडले होते, ते तिने शोधायचे होते. आधीच्या दोन चाचण्यांत ती नापास झाली होती. आता तिसऱ्यांदाही गचकली असती, तर यंत्र भंगारात आणि नोरीनची तुकडी मोडीत. त्यात दुपारी हॅलिफॅक्सच्या मुख्य तळावरून खुद्द अ‍ॅडमिरल बघायला येणार होते.

"तिला घेतल्याशिवाय मी धक्क्याला पाय लावणार नाही," नोरीनने जाहीर केलं.

दहाच मिनिटांत पडद्यावर प्रिसिलाचा ठिपका उमटला आणि नोरीनला शब्द मागे घ्यावा लागला. ठिपका गावातल्या चर्चसमोरून ताशी साठ किलोमीटरने चालला होता. चर्च मागे पडलं, पोस्ट मागे पडलं, आणि ठिपका अग्निशामक दलाच्या हॉलपाशी जाऊन थांबला. नोरीनने लाँच धक्क्याकडे पिटाळली. ती उतरते न उतरते तोच कमांडरसाहेबांचा फोन आला.

"नोरीन, अग्निशामकच्या हॉलमध्ये स्फोटक सापडलंय. महायुद्धातला टॉर्पेडो असावा. माणसं बाहेर काढलीत."

"टॉर्पेडो कसला, सर! आपली प्रिसिला आहे ती."

"हे कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तुझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे? ओळख पटेपर्यंत माणसाने तीनशे मीटरच्या आत जायचं नाही. नियम आहे. आधी यंत्र पाठवायचं. पाठव यंत्र."

"यंत्रच तर तिथे आहे, सर!"

कमांडरसाहेब खूश झाले. "अरे वा! मग काय म्हणतंय ते?"

नोरीनने फोन खिशात टाकला आणि चढ चढायला सुरुवात केली.

त्या दिवशी हॉलमध्ये गावाचं वार्षिक शेवंडीचं, म्हणजे लॉबस्टरचं, जेवण होतं. दोनशे माणसं हातात रिकाम्या प्लेटा घेऊन रस्त्यावर ताटकळत होती. वेंडेल निकल आपल्या ट्रकच्या बॉनेटवर बसून पराक्रम सांगत होता. नोरीनच्या वडिलांच्या बरोबरीचा हा म्हातारा उभा जन्म शेवंडीच धरत आला होता.

"माझ्या सापळ्याच्या दोराला अडकला होता बॉम्ब. म्हटलं, फुटायचाच असेल तर आग विझवणाऱ्यांच्या दारात फुटू दे. बिचाऱ्यांना लांब यायला नको."

"वेंडेलकाका, तो बॉम्ब नाही. नौदलाचं यंत्र आहे," नोरीन म्हणाली.

"मग तर मी लेखी तक्रार देणार! दोर तोडलाय माझा. आमच्या खाडीत उंडारायची परवानगी कुणी दिली त्याला? अ‍ॅडमिरललाच जाब विचारतो, थांब."

तक्रार गेली की चाचणी संपलीच. पण आधी प्रिसिला हातात यायला हवी होती, आणि हॉलच्या दारात अग्निशामक दलाची प्रमुख मर्ना झ्विकर पिवळी पट्टी ताणून उभी होती.

"पाऊल पुढे टाकू नकोस, नोरीन. तू असशील नौदलात. इथे माझं चालतं."

"मर्ना, आत शेवंडी उकळायला ठेवल्यात ना?"

"शंभर पौंड. का?"

"पाच मिनिटांत रबर होणार सगळ्याचं."

मर्नाने घड्याळाकडे पाहिलं, दोनशे भुकेल्या तोंडांकडे पाहिलं आणि मुकाट्याने पट्टी वर उचलली.

आत जाऊन नोरीनने प्रिसिलाच्या अंगावरचं शेवाळ बाहीने पुसलं, तार जोडली आणि श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली. चारपैकी चार! तिचे डोळेच भरून आले. मग तिने पुढची यादी वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि शांतपणे बाहेर येऊन वेंडेलला बाजूला घेतलं. त्याचा तक्रारअर्ज लिहून होत आला होता.

"काका, खाडीत दुसऱ्या कुणाचे सापळे नाहीत ना? दोर त्यांचा निघायचा."

"दुसऱ्या कुणाचे? हिंमत आहे का कुणाची! एकूण एक सापळा माझा आहे, लिहून घे."

"प्रिसिलाने लिहून घेतलंय. तळावरची प्रत्येक वस्तू मोजलीय तिने. तुमचा परवाना अडीचशे सापळ्यांचा ना?"

"अडीचशेचाच."

"ती दोनशे ऐंशी म्हणतेय."

वेंडेलचं पेन थांबलं. "चुकली असेल गं पोरी. यंत्रच ते शेवटी."

"ती चुकत नाही. आणि एक आकडाही मी बदलणार नाही, माझे वडील सांगायला आले तरी." मग तिने आवाज खाली आणला. "पण अहवाल जातो तो शेवटच्या फेरीचा. ती फेरी अ‍ॅडमिरलसमोर, तीन वाजता आहे."

वेंडेलने अर्जाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि न जेवताच धक्क्याकडे निघाला.

अडीच वाजता अ‍ॅडमिरल आले. दुर्बीण डोळ्याला लावून ते बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. एक म्हातारा एकटाच, घामाघूम होऊन, सापळ्यामागून सापळा होडीत ओढत होता. ढीग त्याच्या डोक्यावर गेला होता.

"कोण हो हा?"

"इथलाच मच्छीमार आहे, सर," नोरीन म्हणाली.

"आपल्या चाचणीसाठी आपणहून जागा मोकळी करून देतोय! आणि आपण म्हणतो, लोकांना नौदलाबद्दल आस्था नाही. कमांडर, याचा सत्कार झाला पाहिजे." अ‍ॅडमिरलना गहिवरून आलं होतं. "सगळेच्या सगळे सापळे काढणार की काय हा?"

"नाही सर," नोरीन म्हणाली. "मोजून तीस."