चार वाजताचा अडथळा

"आला, आला!" म्हणत राजेश्वरीनं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर सीमेवरच्या जयराजचा चेहरा उमटला. कानटोपी, वाढलेली दाढी, मागं पत्र्याची भिंत. घड्याळात चार वाजून एक मिनिट झालं होतं.

"आत्ती, या की! आलेत बघा."

"बोला तुमी," अंबूबाईंनी लोखंडी पाटी काखेत मारली. "मी जरा वर मिरच्या हलवून येते."

सासूबाई जिना चढल्या. राजेश्वरीनं सृष्टीला भिंतीला पाठ लावून उभं केलं. अकरा महिन्यांची सृष्टी मंगळवारपासून पावलं टाकत होती. बापानं ती पावलं बघितली नव्हती, हा एवढाच काय तो घरातला दुष्काळ.

"चल सोन्या, पप्पाकडं चल!"

सृष्टीनं ओठ मुडपले, हात पसरले, एक पाय उचलला आणि तेवढ्यात जयराज थिजला. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, जणू कुणी शिंक अर्ध्यावर जप्त केली होती. सृष्टी डुलत डुलत डब्यापाशी पोचली, बापाच्या नाकावर तिनं भाताचं शीत चिकटवलं आणि टाळ्या पिटल्या. बघायला बाप नव्हता.

मग फक्त आवाज आला, तोही तुटक. "राजी… पुढचा रविवार शेवटचा… मग वरच्या पोस्टला… तीन महिने फोन न्हाई…" आणि संपलं.

त्यांचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या घडीत. मोबाईलला रेंज हवी तर देवळामागच्या खडकावर एका पायावर उभं राहायचं, तेही ढगांची मर्जी असेल तर. म्हणून गेल्या सुट्टीत जयराजनं स्लॅबवर उपग्रहाच्या इंटरनेटची पांढरी तबकडी बसवून घेतली होती. बसवायला आलेला माणूस, "हिच्यावर धुणं टाकू नका, दगड मारू नका, उन्हात लय तापू देऊ नका," असं लेकराला सांभाळायला सांगावं तसं सांगून गेला होता. आणि नेट पळतही होतं. सोमवार ते शनिवार शेजारचा धुळा ओट्यावर बसून फुकटात मॅच बघायचा, आणि चौकार कधी अडकायचा नाही. रविवारी चार वाजता मात्र जयराज आला रे आला, की पाचव्या मिनिटाला आभाळ मुकं. लागोपाठ तीन रविवार हेच.

राजेश्वरीनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. एवढं गोड बोलणाऱ्याचा राग कसा करावा हेच कळेना.

"मॅडम, राउटर बंद करून चालू केलात का?"

"सात वेळा."

"मॅडम, आमच्याकडे तबकडीच्या वर अडथळा दाखवतोय. तिला मोकळं आभाळ लागतं."

"वर काही नाहीये हो. आभाळच आहे."

"असणार, मॅडम."

'अडथळा' हा शब्द सासऱ्यांच्या कानावर पडला आणि तिथून खरी पनवती लागली. आकाराम फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले होते, आणि तेही सिग्नलमधून. चोवीस वर्षं त्यांनी पाठीवर तारेची रिळं वाहिली होती. इतके दिवस घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

"सूनबाई, आता तुमी बाजूला व्हा," त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हे आपलं खातं हाय. आमच्या वक्ताला हँडल मारलं की थेट ब्रिगेडला लाइन. आधी दुश्मन शोधायचा, मग उडवायचा."

सोमवारी दुश्मन ठरली पाण्याची टाकी. धुळ्याला हाताशी धरून आकारामांनी ती स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. टाकी गेली, पाइप राहिला. पाणी जिन्यानं पायरी पायरीनं उतरून स्वयंपाकघरात आलं आणि पिठाच्या डब्याची चौकशी करून न्हाणीकडं निघून गेलं. तेव्हापासून राजेश्वरी कडेवर सृष्टी आणि हातात बादली घेऊन धुळ्याच्या नळावर फेऱ्या मारत होती.

बुधवारी शेवग्यावर संशय गेला.

"आवं, शेंगा धरल्यात त्याला!" अंबूबाई कोयत्याला आडव्या गेल्या.

"देशापुढं शेंगा?" आकाराम गरजले.

"आबा," राजेश्वरीनं धीर केला, "शेवगा काय रविवारी चार वाजताच उगवतोय व्हय? बाकीचे दिवस नेट पळतंयच की."

"चारला वारा सुटतो. वाऱ्यानं फांदी झुकती. फौजेत असंच शिकवलंय."

शेवगा पडला तो धुळ्याच्या गोठ्यावर. पत्रा वाजला तशी धुळ्याची म्हैस दावं तोडून जी सुटली ती खालच्या आळीपर्यंत. "आबा, मॅच गेली खड्ड्यात, माझी म्हस गेली!" असं ओरडत धुळा मागं पळाला. दोन तासांनी दोघं परत आले तेव्हा कोण जास्त दमलंय हे सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी धुण्याची दोरी कापली गेली. सृष्टीची लंगोटं आता दारांवर, टीव्हीवर आणि शेवटी आकारामांच्या मेडलांच्या फ्रेमवर वाळू लागली. राजेश्वरी घरात वाकून चालायची. रोज संध्याकाळी आकाराम जुन्या डायरीत लिहायचे: 'टाकी हटवली. शेवगा साफ. दोरी साफ.' घरात पाणी नव्हतं, सावली नव्हती, पण आभाळ मोकळं झालं होतं.

रविवार उजाडला. पावणेचारपासून आकाराम राउटरच्या बटणावर बोट ठेवून बसले. कावळे हाकलायला धुळा अंगणात काठी घेऊन उभा. म्हशीसाठी नवं दावं मिळणार होतं म्हणून आला होता. राजेश्वरीनं सृष्टीला पुसून, पावडर लावून, नवीन पैंजण घालून तयार केलं.

"आत्ती, आज तरी बसा. आता तीन महिने दिसायचे न्हाईत."

"तुमी बोला गं. मिरच्या करपतील माझ्या," अंबूबाईंनी डोळे पुसल्यासारखं केलं आणि पाटी उचलली.

चारला जयराज आला. पण सृष्टीला पैंजणांचा शोध लागलेला. ती पायाचा अंगठा तोंडात घालून बसली. "ऊठ गं माझे बाई," राजेश्वरी रडकुंडीला आली. दोन मिनिटं गेली. तीन. चौथ्याला सृष्टी भिंतीला धरून उठली, बापाकडं बघून हसली, पाय उचलला…

आणि जयराज थिजला.

"लाइन गेली!" आकाराम ओरडले आणि बटण दाबत सुटले.

टाकी, बादल्या, लंगोटं, म्हैस, गोड बोलणारी ती मुलगी, सगळं एकदम राजेश्वरीच्या डोक्यात गेलं. तिनं सृष्टीला कडेवर मारलं, मोबाईल मुठीत आवळला आणि अनवाणीच जिना चढली. ती तबकडी उपटायची आणि ओढ्यात भिरकावून द्यायची, एवढंच आता डोक्यात होतं.

वर गेली आणि जागीच थांबली.

तबकडीशेजारी वाकळ टाकून अंबूबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, कपाळावर घामाच्या धारा. दोन्ही हातांनी ती लोखंडी पाटी त्यांनी तबकडीवर छत्रीसारखी उलटी धरली होती. आणि तबकडीशी बोलत होत्या.

"जेवलास न्हव रं? लय वाळलायस म्हणं. वर गेल्यावर पायमोजं दोन-दोन घाल…"

"आत्ती!"

अंबूबाई दचकल्या, पण पाटी हलली नाही. "अगं, खाली जा, उनात पोरीला कशाला आणलंस? बोलणं सोडून…"

"तुम्ही काय करताय हे?"

"सावली धरतीया. तो बसवणारा म्हणला न्हाई का, तापू देऊ नका म्हणून? चारचं ऊन बघ कसं हाय. माझा जया ह्यातनंच येतो न्हव? लेकरू तापून बंद पडतंय दर रविवारी. तरी मी हात हलवत न्हाई."

राजेश्वरीला हसावं की रडावं कळेना. "मग खाली येऊन त्यांच्याशी बोलत का न्हाई?"

"पंधरा मिन्टं तर मिळत्यात त्याला. त्यात तुमी दोघं, त्यात पोरगी. मी पाच मिन्टं खाल्ली तर तुमाला काय उरलं? मी आपली हितं बोलते. हितनंच जातंय म्हणल्यावर त्याला ऐकू जात आसंल की."

राजेश्वरीनं पाटी हळूच सासूच्या हातातून काढून बाजूला ठेवली. पाटीचा काठ भट्टीसारखा तापला होता. दोघी मोबाईलकडं बघत राहिल्या. गोल फिरलं, फिरलं, अर्धं मिनिट, पाऊण मिनिट.

"…लो? हॅलो? राजी?… आई? आई, तू उनात काय करतीयास?"

अंबूबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. "तापला न्हाईस न्हव रं?" एवढंच त्यांना सुचलं.

टाकी सरकवल्याचा एकच फायदा झाला होता. तिची सावली आता वाकळेच्या एका टोकावर पडत होती. राजेश्वरीनं सृष्टीला त्या सावलीत उभं केलं. समोर आजी, आजीजवळ पाटी. सृष्टीनं पैंजण वाजवून बघितले, आणि निघाली. एक. दोन. तीन. चौथ्याला डुलली, सावरली. सहाव्या पावलाला तिनं आजीचा पदर पकडला आणि दुसऱ्या हातानं पाटीवर थाप मारली.

पडद्यावर जयराज हलत नव्हता.

"गेलं! परत गेलं!" राजेश्वरी किंचाळली.

"गेलं न्हाई," जयराजनं बाहीनं नाक पुसलं. "बघतोय. गप बस जरा."

खालून आरोळी आली, "सूनबाई, आली का लाइन?"

"आली, आबा!"

"येणारच! रिस्टार्ट मारलाय मी!"

राजेश्वरी कठड्याकडं वळली, खरं काय ते सांगायला. अंबूबाईंनी तिचा हात दाबला. "ऱ्हाऊ दे. चोवीस वर्सं सिग्नलात काढल्यात त्यांनी. आणि शेवगा तर काय आता परत उभा ऱ्हात न्हाई."

त्या संध्याकाळी शेवग्याच्या शेंगांची आमटी होती, आदल्या तीन दिवसांसारखीच. आकारामांनी दोन वाट्या ओरपून डायरीत लिहिलं: 'दोष – शेवगा. कारवाई – तोडला. लाइन चालू.'

पुढच्या रविवारी फोन येणार नव्हता. तरी चारला अंबूबाईंनी पाटी उचलली. राजेश्वरीनं वाकळ घेतली, सृष्टीला घेतलं आणि मागोमाग वर गेली. अंबूबाई तबकडीपासून चांगल्या चार हात लांब बसल्या. पाटी या वेळी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर धरली होती.

"आत्ती, आज कोण न्हाई तिकडं."

"ठावं हाय," तबकडीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आलाच चुकूनमाकून, तर वाट मोकळी असावी."