हाडफोड्यांचा नातू

शके एकोणीसशे चाळीस, ऋतू शिशिर, महिना माघ. एका जंगलात शाळा निघाली. साल ध्यानात ठेवा, मुलांनो. त्याआधी त्या जंगलात कुणाची दाढ दुखल्याचं ऐकिवात नव्हतं.

मांडी घालून बसा. मधेच प्रश्न विचारायचे नाहीत.

त्या जंगलात करकोजी नावाचा म्हातारा तरस राहत होता. तरसाचं सगळं बळ दाढेत. करकोजीच्या घराण्याला तर कळपात हाडफोडे म्हणत. त्या नावाची त्याला मोठी ऐट.

तरसांची एक रीत होती. आजा लहानग्या नातवाला हाडं फोडून आतला मगज भरवी. ते नातवावर ऋण. नातू मोठा झाला की धुळवडीच्या दिवशी कळपासमोर एक हाड मधे धरायचं. एक टोक आज्याच्या तोंडात, दुसरं नातवाच्या. नातवानं हाड फोडायचं आणि मगज आज्याला द्यायचा. ज्याच्याकडून हाड फुटलं नाही, त्याला शिकारीत वाटा नाही. जन्मभर.

करकोजीचा नातू भुरक्या शाळेत जाऊ लागला.

मुख्याध्यापिका होत्या झिपरीबाई अस्वल. मधाची पोळी त्यांच्याच घरची. त्यांनी शाळेत वाढदिवस सुरू केले. ज्याचा वाढदिवस, त्यानं वर्गात पोळं वाटायचं. आता जंगलात जन्मतारीख कुणाला ठाऊक? म्हणून रोज कुणाचा तरी वाढदिवस असे. सशिणीनं एक पोळं वाटलं की रानडुकरीण दोन वाटी. मग सशिणीच्या पोराचा पुन्हा वाढदिवस येई.

"बाई, चूळ भरून येऊ?" भुरक्यानं एकदा विचारलं.

"तास चालू असताना पाणवठ्यावर जायचं नाही. बस खाली."

घरी आज्यानं बाभळीची काडी पुढे केली. "चाव."

"मामंजी, काड्या चावायचे दिवस गेले," सून तिपरी म्हणाली. "बाई म्हणतात, रानटी दिसतं."

"आपण रानातच राहतो ना गं?"

"तो शाळेत जातो आता."

करकोजीनं हट्ट धरला नाही. हाडफोड्यांच्या घरात दात किडेल, हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

पावसाळ्यानंतर भुरक्याची दाढ ठणकू लागली. तिपरीनं पाहिलं. दाढ काळी पडली होती.

"दुधाची आहे. पडेल. नवी येईल."

"पण आई, ही तर आताच आली. हिच्या जागी आधी काहीच नव्हतं."

"फार शहाणा झालास!"

"हाडफोड्याच्या पोरानं कण्हू नये," आजा म्हणाला. त्यानं वाकून बघितलंसुद्धा नाही.

ती दाढ दुधाची नव्हती, मुलांनो. सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते ती कायमची असते. गेली की गेली.

मग शाळेत दंततपासणी झाली. टोचे डॉक्टर आले. जातीचे सुतारपक्षी, फार घाईत. मुलं रांगेत उभी होती.

"तोंडं बंद!" झिपरीबाई गरजल्या. "पाहुणे आलेत."

सगळ्यांनी तोंडं मिटली. डॉक्टर या टोकाकडून त्या टोकाकडे गेले.

"वा! काय शिस्त आहे."

"आणि दात?"

"एकानंही तक्रार केली नाही. उत्तम."

शाळेला पहिलं बक्षीस मिळालं. त्या आनंदात पोळी वाटली.

धुळवड आली. कळप जमला. हाड आणलं गेलं. करकोजी नातवाला म्हणाला, "उघड तोंड. पकड कशी घ्यायची ते दाखवतो."

त्यानं पहिल्यांदा आत पाहिलं. दाढांच्या जागी पोखरलेली खुंटं होती.

"तिपरे, हे काय?"

"दुधाच्याच आहेत, मामंजी..."

"गप."

"काय हाडफोडे!" कळपाचा नाईक ओरडला. "हाड फोडताय की पोराचा मुका घेताय?"

कळप खदखदून हसला. करकोजीनं आपलं टोक तोंडात धरलं. भुरक्यानं दुसरं धरलं. पोरानं चावा घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आजा, नाही होत."

"डोळे मीट. ओरडू नकोस. धरून राहा."

म्हाताऱ्याचे बाकी सगळे दात झडले होते, तोंडात आता एकच दाढ उरली होती. ती त्यानं हाडात रोवली. मान ताठ केली.

कडाड!

हाड मधोमध फुटलं. करकोजीनं काहीतरी गिळलं.

नाईक पुढे आला. "खरं सांग म्हाताऱ्या. कुणी फोडलं?"

"मी कशानं फोडणार?" करकोजीनं जबडा फाकला. "बघ. आहे का एक तरी दात?"

नाईकानं वाकून पाहिलं. एकही नव्हता.

भुरक्यानं मगज आज्याच्या तोंडात घातला. ऋण फिटलं.

तात्पर्य : रोज वाढदिवस करा, चूळ भरू नका आणि तपासणीला तोंड मिटून उभे राहा. दात सांभाळायची काही गरज नाही. घरात एक म्हातारा सांभाळला की भागतं.